वाफेच्या आगगाडीची चित्रे आणि चित्रांतील माणसे

सह्याद्रीच्या माथ्यालगत, पोलादपूर तालुक्याच्या डोंगरकुशीत वसलेल्या आपल्या कुडपण गावी वाफेच्या आगगाडीची शिटी कधीही ऐकू आली नाही. तरीही आमच्या तेथील घराच्या माजघरात, देवादिकांच्या तसबिरींच्या शेजारी, एका काळ्याभोर इंजिनाचे छायाचित्र गेली कित्येक वर्षे टांगलेले आहे. इंजिनापुढे अकरा माणसे उभी आहेत. कोणाच्या डोक्यास फेटा, कोणाच्या डोक्यास टोपी. कपड्यांवर तेलाचे डाग. आणि छायाचित्रकाराने दटावल्यामुळे की काय, मुद्रा अत्यंत गंभीर. डावीकडून तिसरे आमचे आजोबा. मुंबईजवळच्या एका लोको शेडात ते फायरमन होते.

या छायाचित्राचा एक विशेष असा की, इंजिनाच्या पुढील लोखंडी तुळईवर रंगविलेला क्रमांक आजही स्पष्ट वाचता येतो. त्या क्रमांकावरून इंजिन कोणत्या जातीचे, कोणत्या कारखान्यात घडविले गेले, हे जाणकार माणूस तत्काळ सांगू शकतो. परंतु इंजिनापुढील अकरांपैकी फक्त चौघांचीच नावे आज आम्हांस ठाऊक आहेत. लोखंडाची वंशावळ शाबूत राहिली, माणसांची हरवली. ज्ञातिबांधवांपुढे वाफेच्या आगगाडीचा इतिहास चित्रांच्या आधारे मांडावा, असे मनात येण्यास हीच विसंगती कारण झाली.

आगगाडीचे जन्मस्थान इंग्लंड हे सर्वश्रुत आहे. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या वाफेच्या इंजिनाने वेल्समध्ये रुळांवरून लोखंडाचा भार ओढून दाखविला. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉक्टन ते डार्लिंग्टन हा लोहमार्ग सुरू झाला. १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिल येथील शर्यतीत स्टीफन्सन पितापुत्रांचे ‘रॉकेट’ विजयी झाले, आणि पुढील वर्षी, १५ सप्टेंबर १८३० रोजी, लिव्हरपूल व मँचेस्टर ही दोन मोठी शहरे आगगाडीने जोडली गेली. त्या काळी छायाचित्रणाची कला व्यवहारात आलेली नव्हती. त्यामुळे या पहिल्या गाड्यांची रूपे आपणांस कळतात ती रंगीत छापचित्रांतून. टी. टी. बरी या चित्रकाराने लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाचे बोगदे, पूल व डबे रेखाटले आणि ती चित्रे १८३१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १८४४ साली टर्नर या थोर चित्रकाराने पाऊस, वाफ आणि वेग यांचे जे विख्यात चित्र रंगविले, त्यात पुलावरून धावत येणारे इंजिन धूसर पावसातून प्रकट होते व त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने पळणारा एक ससा दिसतो. नव्या यंत्राविषयी मानवाच्या मनात उत्पन्न झालेले कुतूहल व भय त्या एका सशात साठविलेले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. मुंबईस लोहमार्ग व्हावा या खटपटीत नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय हे अग्रभागी होते. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी, म्हणजेच वडीलधाऱ्यांच्या तोंडची ‘जी. आय. पी.’, कायद्याने स्थापन झाली. जेम्स बर्कले हे तिचे मुख्य अभियंता. १८५२ साली भायखळ्याच्या बाजूस कामासाठी आणलेले एक इंजिन धावू लागले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून त्यास ‘फॉकलंड’ असे नाव देण्यात आले होते. बैल नाही, घोडा नाही, आणि गाडी आपोआप चालते, हे पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, २१ तोफांच्या सलामीत, बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली उतारूगाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे आणि ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ ही तीन इंजिने. अंतर २१ मैल.

या प्रसंगाचे म्हणून जे चित्र आज पुस्तकांतून व दिनदर्शिकांतून वारंवार छापले जाते, त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. त्या चित्रात खाडीवरील कमानींच्या लांब पुलावरून एक छोटी गाडी जाताना दिसते, आणि खाली ‘भारतातील पहिली आगगाडी’ असे लिहिलेले असते. परंतु ठाण्याची खाडी ओलांडणारा पूल हा ठाण्याच्या पलीकडे, कल्याणच्या वाटेवर आहे. पहिली गाडी ठाण्यासच थांबली होती. ठाणे ते कल्याण हा मार्ग खुला झाला तो १ मे १८५४ रोजी. अर्थात त्या चित्रातील गाडी १६ एप्रिल १८५३ ची असूच शकत नाही. चित्र खरे आहे, त्याखालील ओळ चुकीची आहे. चित्रामागे योग्य वेळी योग्य मजकूर लिहिला नाही म्हणजे पुढील पिढ्या आपल्या कल्पनेने मजकूर जोडतात, हा धडा येथे मिळतो. एवढ्या थोर प्रसंगाची ही कथा, तर आपल्या घरच्या तसबिरींची काय कथा!

मुंबईहून देशावर जावयाचे तर सह्याद्री ओलांडणे प्राप्त होते. बोरघाट व थळघाट येथील कामे ही त्या शतकातील महान स्थापत्यकामे होत. बोरघाटाचा चढ सुमारे १६ मैलांचा, एकूण उंची १,८३१ फूट, २५ बोगदे, आणि सर्वांत बिकट ठिकाणी ३७ फुटांस १ फूट असा चढ. एके ठिकाणी तर डोंगराने पुढे वाट न दिल्याने गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून उलट दिशेने वर न्यावी लागे. या कामावर ऐन भरात एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीच्या साथीने व सुरुंगाच्या अपघातांनी त्यांतील किती जणांचा बळी घेतला याचे दुःख घाटातील दगडांसच ठाऊक. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कले त्यापूर्वीच, १८६२ साली, निवर्तले होते.

या घाटकामाची जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांच्याशी एका स्त्रीचे नाव निगडित आहे. सॉलोमन ट्रेडवेल नावाचे कंत्राटदार १८५९ साली हिंदुस्थानात येताच अल्पावधीत मरण पावले. तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने माघारी न जाता जाणत्या अभियंत्यांच्या साहाय्याने पतीचे कंत्राट पार पाडले. घाटाच्या बांधकामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह तिच्या नावे ओळखला जातो. अर्धवट उभे राहिलेले पुलाचे खांब, कातळात कोरलेली बोगद्यांची मुखे, लाकडी परांच्या, आणि त्या सर्वांवर मुंग्यांसारखी दिसणारी माणसे, असे ते दृश्य आहे. तेथे खांबाची उंची मोजता यावी म्हणून माणूस उभा केलेला असतो. माणूस म्हणजे मोजपट्टी! त्याचे नाव विचारण्याचे कोणास सुचले नाही.

परंतु लोकमानसाने आपल्या परीने याची भरपाई केली आहे. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट कशी काढावी हे साहेबास उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने ती दाखवून दिली आणि बक्षीस म्हणून आपल्या भूमीचे स्वातंत्र्य मागितल्याने त्यास प्राणास मुकावे लागले, अशी कथा सांगतात. ही लोककथा आहे. तिला कागदाचा आधार शोधू नये. शिंग्रोबाचे छायाचित्र नाही. परंतु घाटातून जाणारा गाडीवान आजही तेथे नाणे वाहतो. ज्याचे चित्र कोणी काढले नाही, त्याचे लोकांनी देऊळ बांधले.

आपल्या रायगड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर कर्जत, नेरळ, पळसदरी व खोपोली हा उत्तरेकडील भाग फार पूर्वीच लोहमार्गाशी जोडला गेला. खोपोलीस १८५६ साली गाडी पोहोचली. नेरळहून माथेरानास जाणारी दोन फूट रुंदीची छोटी गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यातील अब्दुल हुसेन यांच्या प्रयत्नाने १९०७ साली सुरू झाली. तिच्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन व कोपेल या कारखान्याने खास इंजिने बनविली. डोंगरातील तीव्र वळणांवर चाके रुळावरून घसरू नयेत म्हणून त्यांच्या आसांची रचनाच अशी केली होती की, वळण आले म्हणजे चाकेही किंचित वळावीत. ही इंजिने १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांपर्यंत वाफेवर धावत होती. माथेरानच्या सहलीतील वाफेच्या गाडीचे छायाचित्र पुष्कळ कुटुंबांच्या संग्रही असेल. आपल्या जिल्ह्यातील वाफेच्या युगाचा तो अस्सल पुरावा आहे, तो जपून ठेवावा.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडे मात्र डोंगर व खाड्या यांचे राज्य. महाड-पोलादपूरच्या माणसास मुंबई गाठावयाची तर कुडपणासारख्या गावांहून पायी खाली उतरून महाड, तेथून दासगाव, आणि पुढे सावित्रीच्या खाडीने बाणकोटमार्गे समुद्रातून प्रवास. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले, तेही बोटीनेच येऊन दासगावास उतरले होते, यावरून या मार्गाचे महत्त्व ध्यानी येईल. दुसरी वाट उलट दिशेची. घाट चढून महाबळेश्वर, तेथून वाई आणि पुढे वाठार स्टेशन. म्हणजे आपल्या पूर्वजांस आगगाडीचे प्रथम दर्शन व्हावयाचे ते एक तर समुद्र ओलांडून, नाही तर सह्याद्री ओलांडून.

आणि तरीही मुंबईस पोहोचताच यांतील कित्येकांनी त्याच आगगाडीची चाकरी धरली. गिरणी, गोदी व रेल्वे ही कोकणी माणसाच्या उपजीविकेची तीन मोठी ठिकाणे होती. परळचा व माटुंग्याचा कारखाना, कुर्ला व कल्याण येथील शेडे ही नावे आपल्या आजीपणजींच्या बोलण्यात माहेरच्या गावांइतक्याच सहजतेने येत. नव्या पिढीस या चाकरीची कल्पना यावी म्हणून तिचे थोडे वर्णन करतो.

वाफेचे इंजिन म्हणजे चाकांवरील प्रचंड हंडा. मागे भट्टी; भट्टीतील ज्वाळा व तप्त वायू पाण्याने वेढलेल्या अनेक नळ्यांतून पुढे जातात; पाण्याची वाफ होते; ती वाफ नळकांड्यात शिरून दट्ट्या पुढे-मागे ढकलते आणि दांडीच्या योगे चाके फिरतात. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते तीच ‘भक् भक्’ या आवाजाने, आणि जाताना भट्टीतील ज्वाळांना ओढ लावते. चढ जितका कठीण तितका हा श्वास जोराचा व भट्टी तितकीच प्रखर. पुढील काळातील मोठ्या भारतीय इंजिनांत वाफेचा दाब दर चौरस इंचास २१० पौंड असे. पाण्याची पातळी खाली गेली तर भट्टीच्या छतातील शिशाची गुडदी वितळून धोक्याची सूचना देई; आणि ज्या फायरमनच्या पाळीत गुडदी वितळली, त्याच्या अब्रूस बट्टा लागे.

कामगारांची पायरीही ठरलेली. प्रथम इंजिन पुसणारा व तेल देणारा खलाशी. मग दुसरा फायरमन, पहिला फायरमन. त्यानंतर यार्डातील शंटिंग. आणि अखेरीस ड्रायव्हर. मालगाडीचा ड्रायव्हर होण्यास उभी उमेद खर्ची पडे, आणि मेलगाडी हाती येणे म्हणजे कळसच. फावडे मारणे हे केवळ बळाचे काम नव्हते. कोळसा भट्टीत पातळ व सारखा पसरला पाहिजे. कोठे खड्डा पडला की थंड हवा शिरून वाफ बसे. आजोबा म्हणत की, भट्टीत डोळ्यांनी पाहावयाचे नसते, कानांनी पाहावयाचे असते. रुळांची देखभाल करणारे गँगमन, सांधे बदलणारे सांधेवाले, कारखान्यातील फिटर व लोहार यांचाही गाडीच्या प्रत्येक मैलात वाटा होता.

एकीकडे आगगाडी धावत होती, तर दुसरीकडे तिची चित्रेही धावू लागली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला; स्थानकात येणारी आगगाडी हे त्यातील एक दृश्य होते. बोरीबंदरची भव्य इमारत त्यापूर्वीच, १८८८ साली, पूर्ण झाली होती. फ्रेडरिक स्टीव्हन्स हे तिचे वास्तुशिल्पी. तिच्या दर्शनी भागावर कंपनीशी संबंधित थोरांचे मुखवटे कोरलेले असून त्यांत नाना शंकरशेट व जमशेटजी यांचीही मुद्रा आहे. पायाचे दगड वाहणाऱ्यांच्या मुद्रा अर्थातच नाहीत.

वाफेचे युग मुंबईत लवकर मावळू लागले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली; १९२९ साली पुण्यापर्यंत वीज पोहोचली आणि बोरघाटातील उलट फिरण्याचे स्थानकही त्याच वर्षी इतिहासजमा झाले. देशात अन्यत्र मात्र वाफेस अजून मोठा काळ लाभावयाचा होता. १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात हिंदुस्थानात घडविलेले पहिले इंजिन तयार झाले होते. स्वातंत्र्यानंतर चित्तरंजन येथे १९५० साली वाफेची इंजिने निघू लागली व पहिल्या इंजिनास देशबंधू चित्तरंजन दास यांचे स्मरण म्हणून ‘देशबंधू’ हे नाव देण्यात आले. त्याच कारखान्यातून १९७० साली बाहेर पडलेल्या वाफेच्या शेवटच्या रुंदमापी इंजिनाचे नाव होते ‘अंतिम सितारा’. रुंदमापी मार्गावरील वाफेची शेवटची नियमित गाडी १९९५ च्या डिसेंबरात जालंधर व फिरोजपूर यांच्या दरम्यान धावली. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन आज रेल्वेचा अमोल वारसा म्हणून जपले गेले आहे.

आपल्या भागात रूळ आले ते हे सर्व संपत आल्यावर. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. तो प्रथमपासून डिझेलचा होता. २०२२ साली त्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले. महाड तालुक्यास वीरचे स्टेशन लाभले. पोलादपूर तालुक्यातून रूळ गेलेले नाहीत. म्हणजे महाड-पोलादपूरच्या भूमीने वाफेची आगगाडी पाहिलीच नाही. ती पाहिली येथील माणसांनी, आणि तीही भट्टीच्या तोंडाशी उभे राहून. या भूमीवर त्या युगाचे एखादे शेड नाही, पाण्याची टाकी नाही, जुना पूल नाही. जे काही आहे ते आपल्या घरांच्या भिंतींवर व ट्रंकांच्या तळाशी आहे.

म्हणून अखेरीस आमच्या छायाचित्राकडे परत येतो. काही वर्षांपूर्वी ते भिंतीवरून उतरवून आमच्या वृद्ध आत्याबाईंपुढे ठेवले. दृष्टी मंदावली होती. तरी त्यांनी चित्र उजेडाकडे धरून दोन माणसे ओळखली. एकास फेट्याच्या बांधणीवरून, आणि दुसऱ्यास उजव्या हाताची दोन बोटे नव्हती म्हणून. “हा आपल्या खोलीवर जेवायला असायचा रे,” एवढे त्या म्हणाल्या. वडिलांना ठाऊक असलेली दोन नावे आणि ही दोन मिळून चार झाली. उरलेल्यांविषयी पुन्हा निवांत बसू असे ठरले. तो योग आला नाही. त्याच पावसाळ्यात आत्याबाई गेल्या. सात माणसे त्यांच्याबरोबर गेली. हा प्रमाद सर्वस्वी आमचा. चित्र तर आमच्या डोळ्यांसमोर पन्नास वर्षे होते.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती अशी की, आपल्या घरी वाफेच्या युगातील छायाचित्र असेल, मग ते इंजिनाचे असो, शेडातील सेवानिवृत्तीच्या समारंभाचे असो किंवा गँगच्या मुकादमाचे असो, तर येत्या सणास गावी जमाल तेव्हा ते खाली उतरवावे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपुढे ठेवावे. माणसे डावीकडून क्रमाने विचारावीत; नाव, गाव, हुद्दा व शेड लिहून घ्यावे. चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईने लिहू नये, ती पुढील बाजूस उमटते. डिंकाने चिकटवू नये. मोबाइलवर एक प्रत काढून भावंडांत वाटावी. जे सांगता येत नाही ते तर्काने भरू नये. खाडीच्या पुलाखालील चुकीची ओळ स्मरणात ठेवावी. विशेषतः स्त्रियांस विचारावे. मुंबईच्या खोलीवर कोण जेवावयास होते, कोणाचा डबा कोण नेई, कोणाची पाळी रात्रीची होती, ही माहिती त्यांच्यापाशीच असते.

इंजिनांचे क्रमांक जपण्यास सरकार समर्थ आहे, संग्रहालये समर्थ आहेत. आपल्या माणसांची नावे जपण्याचे काम आपल्यावाचून कोणी करणार नाही. आमच्या घरच्या चित्रात सात जागा रिकाम्या आहेत. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी त्याच शेडातील, त्याच काळातील छायाचित्र असेल, तर कदाचित आमच्या सातांपैकी एखादा आपल्या आजोबांच्या शेजारी उभा असेल. त्याचे नाव आपणांस ठाऊक असल्यास आम्हांस अवश्य कळवावे. कुडपणच्या घरी पेन्सिल त्या तसबिरीमागेच ठेवलेली आहे.